प्रवाळांचे विरंजन

उष्ण कटिबंधीय उथळ समुद्रांतील प्रवाळ आपला रंग गमावून पांढरे पडतात, या क्रियेस ‘विरंजन’ असे म्हणतात. प्रवाळ हा आंतरगुही संघातील प्राणी असून त्याच्या ऊतकांत झूझँथेली नावाची एककोशिक शैवले राहतात. ही शैवले प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न प्रवाळास पुरवितात व त्याच्यापासून आश्रय आणि पोषक द्रव्ये मिळवितात. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्यांच्यामुळेच असतो. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अवघ्या १° से. ने अधिक होऊन काही आठवडे तसेच राहिले, तरी हे सहजीवन मोडते. शैवले बाहेर टाकली जातात आणि पारदर्शक ऊतकांतून चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. असा प्रवाळ लगेच मरत नाही; पाणी वेळीच थंड झाल्यास तो सावरतो, अन्यथा उपासमारीने मरतो.

या घटनेचा पद्धतशीर अभ्यास प्रथम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर झाला. मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेचा मुक्काम १९२८–२९ मध्ये तेथील लो आइल्स या बेटांवर होता. उष्णतेचा ताण पडल्यास प्रवाळ शैवले बाहेर टाकतात, हे यंग व ऑब्री निकल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. मात्र शैवले प्रवाळास अन्न पुरवितात, हे यंग यांना मान्य नव्हते. लेनर्ड मस्कटीन व कॅडेट हँड यांनी १९५८ मध्ये किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने, प्रवाळाच्याच संघातील समुद्रपुष्पावर प्रयोग करून, शैवलातील द्रव्य आश्रयदात्या प्राण्याच्या ऊतकांत जाते, हे सिद्ध केले. त्यामुळे विरंजन म्हणजे केवळ रंग जाणे नसून अन्नाचा पुरवठा तुटणे होय, हे स्पष्ट झाले.

दीर्घकाळ विरंजन ही स्थानिक घटना समजली जात असे. १९८२–८३ च्या प्रबळ एल् निनोने हा समज बदलला. पूर्व पॅसिफिकमध्ये पनामा व गालापागोस येथील प्रवाळांची मोठी हानी झाली. गालापागोसमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले. पीटर ग्लिन यांनी या हानीचा संबंध समुद्राच्या असाधारण तापमानवाढीशी जोडला. १९९७–९८ मध्ये विरंजन प्रथमच जगभर पसरले व जगातील सु. १६ टक्के प्रवाळ नष्ट झाल्याचा अंदाज करण्यात आला. त्यानंतर २०१० व २०१४–१७ मध्ये अशी जागतिक विरंजने झाली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या विरंजनात २०२५ पर्यंत जगातील सु. ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजनास पुरेसा उष्णतेचा ताण सोसावा लागला.

तापमानवाढीबरोबर समुद्रजलाचे रसायनही बदलते. मानवी व्यवहारांतून वातावरणात जाणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडाचा सु. एक चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो. त्यापासून कार्बॉनिक अम्ल बनते, हायड्रोजन आयन वाढतात व कार्बोनेट आयन घटतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृष्ठजलाचे सरासरी पीएच मूल्य सु. ८·२ होते, ते आता सु. ८·१ झाले आहे. हा फरक लहान दिसला, तरी त्याचा अर्थ हायड्रोजन आयनांत सु. ३० टक्के वाढ असा होतो. प्रवाळाचा सांगाडा ज्या ॲरॅगोनाइटाचा असतो, ते तयार होण्यास कार्बोनेट आयन लागतात. ते घटल्याने मोडलेली भित्ती पुन्हा उभारण्याचा वेग मंदावतो. शिवाय उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणजे उष्णता प्रवाळाला मारते आणि बदललेले रसायन त्याची दुरुस्ती अडविते.

भारतात लक्षद्वीपच्या प्रवाळांना १९९८, २०१० व २०१६ मध्ये विरंजनाचा फटका बसला. तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मधील सु. ५० टक्क्यांवरून २०१७ पर्यंत सु. ११ टक्क्यांवर आले. ही बेटे प्रवाळांनीच घडविलेली असून लाटांपासून त्यांचे रक्षण प्रवाळभित्तीच करतात. भित्तीभोवतीचे मासे व त्यावरील मासेमारीही तिच्यावरच अवलंबून असते. भित्तीला सावरण्यास एक-दोन दशके लागतात. १९८० च्या सुमारास तीव्र विरंजनांत सरासरी २५ ते ३० वर्षांचे अंतर असे; २०१६ पर्यंत ते सु. सहा वर्षांवर आले. प्रवाळांना पूर्ववत होण्यास लागणारा काळ हा आता दोन विरंजनांमधील अंतरापेक्षा मोठा झाला आहे.