मागण्याचा हक्क, मिळण्याचा नव्हे

१/७
कामगाराने शिकावे कोणत्या वेळेत? मालकाच्या दिवसात की स्वतःच्या रात्रीत? ब्रिटनच्या कायद्यांत या साध्या प्रश्नाची जवळपास शंभर वर्षांची कथा दडलेली आहे. #थ्रेड

२/७
१९१८. महायुद्ध संपत आले होते. शिक्षणखात्याचे प्रमुख हर्बर्ट फिशर हे स्वतः इतिहासकार. शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलामुलींनी वर्षाला ३२० तास, तेही कामाच्या वेळेत, शिक्षण घ्यावे अशी तरतूद त्यांच्या कायद्यात होती. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी तिला कडाडून विरोध केला. मुलांचे हात गिरण्यांना हवे होते.

३/७
१९२२ मध्ये गेडीज समितीने सरकारी खर्चावर कुऱ्हाड चालवली आणि ही योजना बारगळली. रग्बीसारख्या एखाद्याच गावी ती तग धरून राहिली.

४/७
पुढचे मोठे पाऊल फ्रान्सने टाकले. १९६८ च्या आंदोलनानंतर १९७० मध्ये कामगार संघटना आणि मालक यांच्यात करार झाला. त्यावरून १६ जुलै १९७१ चा कायदा आला. त्यामागे जाक दलोर यांचा पुढाकार होता. प्रशिक्षणासाठी रजा मिळू लागली, आणि दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना वेतनखर्चाचा किमान ०.८ टक्के भाग प्रशिक्षणावर खर्च करणे बंधनकारक झाले.

५/७
१९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सवेतन शैक्षणिक रजेचा करार संमत केला. ब्रिटनने तो १९७५ मध्येच स्वीकारला. मात्र करार सरकारांना धोरण आखण्यास सांगत होता. प्रत्यक्ष हक्क देणे त्यांच्याच हाती होते.

६/७
तो हक्क आला ६ एप्रिल २०१० रोजी, आणि तोही केवळ विनंतीचा! २५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २६ आठवडे काम केलेल्यालाच अर्ज करता येई. त्या वेळेचे वेतन देण्याचे बंधन मालकावर नव्हते. लहान आस्थापनांपर्यंत हा हक्क नेण्याचा बेत पुढे सोडून देण्यात आला.

७/७
तरीही तो अगदीच पोकळ नव्हता. अर्ज केराच्या टोपलीत टाकण्याची मुभा संपली. नकार द्यायचा तर कायद्यात नमूद केलेले कारण लेखी द्यावे लागू लागले. भारताने १९७४ चा करार अद्याप स्वीकारलेला नाही. दिवसभर राबून रात्रशाळेची पायरी चढणारा कामगार मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. त्याच्या जिद्दीचे कौतुक पुष्कळ झाले. त्याच्या दिवसातला एक तास मात्र कोणी मोकळा केला नाही.