विजेची स्कूटर आणि घरगुती कारागीर

ज्या विजेच्या स्कूटरला आज कायद्यानें ताशीं २५ किलोमीटरांची वेस घालून दिली आहे, त्याच विजेनें सव्वाशें वर्षांपूर्वीं जगांतील सर्वांत वेगवान मोटार चालविली होती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. १८९९ सालच्या एप्रिलच्या २९ तारखेस पॅरिसजवळ आशेर येथील सरळ रस्त्यावर कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें आपली बंदुकीच्या गोळीच्या आकाराची विजेची गाडी ताशीं १०५.८८ किलोमीटर वेगानें पिटाळली. रस्त्यावरील गाडीनें शंभर किलोमीटरांची मजल ओलांडल्याची ती पहिली नोंद. गाडीचें नांव होतें ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधींहि तृप्त न होणारी’. नांव गाडीला दिलें खरें. पण तें तिच्या मालकाला आणि त्याच्यामागून आलेल्या सर्व वेगवेड्यांना अधिक शोभतें.

ही चढाओढ मोठी मौजेची होती. डिसेंबर १८९८ मध्यें काउंट शास्लू-लोबा या फ्रेंच उमरावानें त्याच रस्त्यावर विजेच्या गाडींतून ताशीं ६३ किलोमीटरांचा उच्चांक नोंदविला, तेव्हां जेनात्झीनें त्याला आव्हान दिलें. एकानें उच्चांक करावा, दुसऱ्यानें तो मोडावा. एकानें जुन्याच गाडीच्या अंगावर वारा कापणारें कवच चढवावें, दुसऱ्यानें नवी गाडीच बांधावी, असें चार-साडेचार महिने चाललें. हा धाडसी जेनात्झी पुढें वेगानें मेला नाहीं, हेंहि नवलच. १९१३ मध्यें शिकारीस गेला असतां मित्रांची थट्टा करण्यासाठीं तो झुडपाआड दडून रानडुकराचा आवाज काढूं लागला, आणि एका मित्राची गोळी त्याला लागली.

याच काळांत इंग्लंडांत कायदा काय म्हणत होता? जानेवारी १८९६ मध्यें केंट परगण्यांतील पॅडक वुड या गांवीं वॉल्टर अर्नोल्ड नांवाच्या मोटारवाल्यानें ताशीं ८ मैलांच्या वेगानें गाडी हांकली. वस्तींतून जातांना मर्यादा होती २ मैलांची. गांवच्या शिपायानें सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडलें, आणि अतिवेगाबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला. सायकलनें पकडतां येईल इतकाच तो वेग होता. पण गुन्हा तो गुन्हाच.

विजेच्या गाडीचें वैभव फार दिवस टिकलें नाहीं. १९०२ मध्यें सेर्पोले यानें वाफेच्या गाडीनें तिचा उच्चांक मोडला. पुढें पेट्रोल आलें आणि जड बॅटरीची गाडी मागें पडली. मात्र ऑग्डेन बोल्टन या अमेरिकनानें १८९५ च्या शेवटच्या दिवशीं मिळविलेल्या पेटंटांत सायकलच्या मागच्या चाकाच्या तुंब्यांतच विजेची मोटार बसविली होती. हल्लींच्या अनेक स्कूटरांच्या मागच्या चाकांत जी मोटार असते, तिचें मूळ त्या कागदांत सांपडतें. मधल्या काळांत वेग वाढविण्याची घरगुती विद्या पेट्रोलच्या यंत्रावरच वाढली.

त्या विद्येंत बर्ट मन्रो याचें नांव पहिल्यानें घ्यावें लागतें. हा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकार्गिल गांवचा राहणारा. १९२० सालीं त्यानें ‘इंडियन स्काउट’ ही अमेरिकन मोटारसायकल विकत घेतली. कारखान्यांतून आली तेव्हां ती ताशीं सुमारें ५५ मैल धांवे. मन्रोला तेवढ्यानें समाधान नव्हतें, आणि खिशांत पैसाहि फारसा नव्हता. तेव्हां त्यानें आपल्या खोपटांतच कारखाना थाटला. पिस्टन तो जुन्या डब्यांचे सांचे करून ओती. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आंसाच्या पोलादांतून हातानें घडवी. टायरवरची नक्षी सुरीनें तासून काढी. यंत्र फुटे, तो तें पुन्हां करी, पुन्हां फुटे. फुटलेले भाग त्यानें एका फळीवर मांडून ठेवले होते आणि वर लिहिलें होतें, ‘वेगाच्या देवाला नैवेद्य’. चाळिसांहून अधिक वर्षें हा उद्योग चालला. १९६७ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या ६८ व्या वर्षीं, अमेरिकेंतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याच जुन्या गाडीनें त्यानें हजार सी. सी. खालील वर्गाचा उच्चांक केला. हिशेबांतील एक चूक २०१४ मध्यें दुरुस्त झाल्यावर तो ताशीं १८४.०८७ मैल ठरला.

मन्रोच्या गोष्टींत दोन गोष्टी विसरूं नयेत. त्यानें वेग मिळविला तो हळूहळू, एकेक भाग फोडून. कोणता धातु किती ताण सोसतो हें त्याच्या हातांना ठाऊक झालें होतें. आणि तो धांवला मिठाच्या ओसाड मैदानावर. तेथें समोरून गाडी येत नाहीं, कडेनें शाळेचीं मुलें जात नाहींत. पणाला लागला होता तो त्याचा स्वतःचा जीव.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत मोपेडचा सुळसुळाट झाला आणि ही विद्या सार्वजनिक रस्त्यावर उतरली. जर्मनींत १९६५ मध्यें ‘मोफा’ नांवाचा वाहनवर्ग निघाला. वेग २५ किलोमीटर आणि चालविण्यास परवाना नको. झालें! परवाना नको म्हणून गाडी घ्यावयाची आणि घरीं आणतांच तिचा लगाम सोडावयाचा, असा तरुणांचा शिरस्ता पडला. कारखान्यानें इंधनाच्या किंवा धुराच्या वाटेंत घातलेलें अरुंद कडें काढावें, सिलिंडरचीं तोंडें कानशीनें रुंदावावीं, साखळीचें दातेरी चाक बदलावें, हे त्यांतले नेहमींचे उपाय. या उद्योगाला जर्मन भाषेंत ‘फ्रिझीरेन’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ केस विंचरून वेणीफणी करणें! इंग्लंडांत १९७१ च्या अखेरीस सोळा वर्षांच्या मुलांना मोटारसायकल वर्ज्य करून पायडल असलेल्या ५० सी. सी. च्या मोपेडवर बसविण्यांत आलें. कारखानदार हुशार, त्यांनीं नांवाला पायडल लावून ताशीं ४५ मैलांच्या आसपास पळणाऱ्या गाड्या बाजारांत आणल्या. १९७७ मध्यें सरकारनें ३० मैलांची मर्यादा घातली, आणि तिकडेहि कानशी बाहेर निघाल्या.

विजेची स्कूटर घराघरांत आली तेव्हां या परंपरेंत एक मोठा फरक पडला. तो समजण्यास तिची रचना थोडी पाहिली पाहिजे. बॅटरी, मोटार, हाताची मूठ, आणि या तिन्हींच्या मध्यें बसलेला कंट्रोलर, एवढाच तिचा संसार. विजेची मोटार फिरूं लागली कीं ती स्वतःच उलट दिशेचा विद्युत्-दाब निर्माण करते. हा उलट दाब बॅटरीच्या दाबाच्या जवळ पोंचला म्हणजे वेग वाढावयाचा थांबतो. यामुळें बॅटरीचा दाब वाढविला कीं वेगहि त्याच प्रमाणांत वाढतो. १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्यांच्या जागीं पांच जोडल्या तर ४८ चे ६० व्होल्ट होतात आणि वेग सव्वापट होतो. त्याहूनहि सोपी गोष्ट म्हणजे वेग अडविणारी व्यवस्था. पुष्कळ गाड्यांत ती केवळ एक बारीक तार असते. तार सुटली कीं लगाम सुटला. मन्रोला ज्या कामास आयुष्य लागलें, तें येथें चहा निवण्याच्या आंत होतें.

पण यंत्राच्या बाकीच्या अवयवांना या बदलाची वर्दी कोणी दिलेली नसते. ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमध्यें जीं कपॅसिटरें असतात, त्यांवर बहुधा ६३ व्होल्टांची मर्यादा छापलेली असते; आणि ६० व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली म्हणजे तिचा दाब ६७ च्या घरांत जातो. विजेचा प्रवाह दीडपट केला तर तारांतली उष्णता सव्वादोनपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. मोटारीची गुंडाळी तापते, चुंबकांचा जोर उतरतो, बॅटरीवर ताण येतो. ब्रेकचा हिशेब तर याहून कठोर आहे. २५ किलोमीटरांवरून ३५ किलोमीटरांवर जाणें ही ऐकावयास दहाचीच वाढ. पण ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती जवळजवळ दुप्पट होते. वेग ५० झाला तर ती चौपट. ब्रेकचे पट्टे, चाकाचें लहानसें वर्तुळ, पुढचा दांडा हे सारे जुन्याच वेगाच्या मापाचे राहतात. जुना कानशीवाला निदान यंत्राशीं झुंजतांना हें शिकून निघे. तार तोडणाऱ्याला शिकण्यास सवडच मिळत नाहीं.

पुढें तारेचीहि गरज उरली नाहीं. २०१६ च्या अखेरीस शाओमी या चिनी कंपनीची उभ्यानें चालविण्याची लहान स्कूटर निघाली आणि लवकरच जगभर पसरली. तिची वेगमर्यादा हा कंट्रोलरच्या स्मरणांत लिहिलेला एक आंकडा होता. हौशी लोकांनीं मोबाइलवरून, बिनतारी मार्गानें, तो आंकडा बदलण्याची युक्ति शोधून काढली. हातांत पाना नाहीं, बोटाला वंगण नाहीं. ज्या दारानें मालक आंत शिरतो त्याच दारानें परकाहि शिरूं शकतो, हें २०१९ मध्यें उघड झालें. त्या वर्षीं सुरक्षा-संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, या स्कूटरला परवलीचा शब्द न देतां दुरूनच तिचा ब्रेक दाबतां येतो किंवा ती पळवितां येते.

चीन देशांत हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, कारण विजेच्या दुचाक्या तेथें कोट्यवधि आहेत. १९९९ च्या तेथील नियमानें वेग २० किलोमीटर व वजन ४० किलो ठरविलें होतें. प्रत्यक्षांत गाड्या जड होत गेल्या आणि दुकानांतच लगाम सोडून मिळूं लागल्या. २०१९ च्या एप्रिलपासून नवा नियम आला. मर्यादा २५ किलोमीटरांची झाली आणि फेरफारास आळा घालणारीं कलमें त्यांत आलीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें नानजिंग शहरांत, जिच्या तळमजल्यावर विजेच्या दुचाक्या ठेवल्या होत्या अशा इमारतीला आग लागून १५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर सरकारनें बेकायदा फेरफारांविरुद्ध देशभर मोहीम उघडली, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नियमानें बॅटरी, कंट्रोलर व वेगमर्यादक यांची घरगुती उलाढाल अशक्य करण्याचें ओझें कारखानदारावर टाकलें. हें उशिरां सुचलेलें शहाणपण असलें, तरी योग्य खांद्यावर ठेवलेलें आहे.

आपल्याकडील नियमहि २५ या आंकड्याभोंवतींच फिरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें ज्या बॅटरीच्या दुचाकीची मोटार पाव किलोवॅटहून कमी शक्तीची आणि वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी, ती ‘मोटार वाहन’ या व्याख्येंत येत नाहीं. म्हणून तिला नोंदणी नको, परवाना नको, विम्याची सक्ति नाहीं. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ सारख्या संस्थेंत नमुन्याची गाडी तपासली जाते, तिला प्रमाणपत्र मिळतें, आणि तिच्याच चेहऱ्याची गाडी दुकानांतून भलत्याच शक्तीनें बाहेर पडते. मे २०२२ मध्यें महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांच्या कार्यालयानें प्रादेशिक परिवहन कार्यालयांना अशा गाड्यांची तपासणी करण्याचे आदेश दिले, ते गाडीच्या मालकापुरते नव्हते. उत्पादक व विक्रेते यांच्यावरहि त्यांचा रोख होता.

मालकाची हौस हा एकच हेतु या फेरफारामागें असतो असें समजणें अन्यायाचें होईल. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर घरोघर जेवण व किराणा पोंचविणाऱ्या तरुणांना दर फेरीमागें पैसे मिळतात. परवाना काढण्याची ऐपत किंवा सवड नाहीं म्हणून त्यांतले कित्येक २५ किलोमीटरांची गाडी घेतात, आणि त्या गाडीनें दिवसाच्या फेऱ्या पुऱ्या होत नाहींत म्हणून ती उघडतात. दहा मिनिटांत वाणसामान मागविणाऱ्या घरानें त्या तारेला हात लावलेला नसतो, इतकेंच.

लगाम सुटतांच ती गाडी कायद्याच्या नजरेंत मोटार वाहन होते, आणि तेंहि नोंदणी नसलेलें, विमा नसलेलें. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत आलेल्या १८२-अ कलमान्वयें बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागें ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. याहून जड भाग निराळाच आहे. अशा गाडीखालीं एखादा पादचारी जखमी झाला, तर भरपाई देण्यास पाठीशीं विमा कंपनी नसते. ती रक्कम चालविणाऱ्याच्या व मालकाच्या घरांतून जावी लागते, आणि घरांत ती नसली तर जखमी मनुष्य तसाच राहतो. नेदर्लंड्सचे पोलिस रस्त्याच्या कडेला रुळावर चाक फिरवून दुचाकीचा खरा वेग पाहतात. येथील तपासनिसाला पुष्कळदां गाडीच्या अंगावर छापलेल्या आंकड्यावरच काम भागवावें लागतें, आणि तो आंकडा कोणी बदललेला नसतो.