पेशवे उद्यान प्राणिसंग्रहालय

पुणे येथील एक भूतपूर्व, लहान प्राणिसंग्रहालय. पर्वतीच्या पायथ्याशी, सारसबागेलगत पुणे महानगरपालिकेने ते १९५३ मध्ये स्थापन केले. पांढरा वाघ हे त्याचे एक प्रमुख आकर्षण होते. संग्रह आटोपशीर असल्याने वरचेवर येणाऱ्या पुणेकरांच्या ध्यानी नवा प्राणी वा रिकामा पिंजरा लगेच येई. तथापि प्रेक्षकांना सुखावणारी ही जवळीक प्राण्यांना जाचक होती. अपुऱ्या जागेत त्यांच्या स्वाभाविक हालचालींस वाव नव्हता. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या स्थापनेनंतर (१९९२) निवाऱ्याविषयीचे निकष कडक झाले. कात्रज येथे १९९९ मध्ये खुल्या झालेल्या प्रशस्त राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात येथील प्राणी टप्प्याटप्प्याने हलविण्यात आले आणि २००५ मध्ये जुने पिंजरे कायमचे रिकामे झाले. उद्यान मात्र टिकून राहिले.