अम्ल पर्जन्य व वनस्पतींची वाढ

अम्ल पर्जन्य व वनस्पतींची वाढ : दगडी कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या सल्फर डाय-ऑक्साइड व नायट्रोजन ऑक्साइडांपासून हवेत सल्फ्यूरिक व नायट्रिक अम्ले तयार होतात व पावसाबरोबर जमिनीवर येतात. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ मध्ये मँचेस्टरच्या पावसातील अम्लता वर्णिली व १८७२ च्या आपल्या ग्रंथात ‘अम्ल पर्जन्य’ ही संज्ञा वापरली.

अशा पावसाने पाने करपतात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु वनांची मुख्य हानी जमिनीतून होते. अम्लातील हायड्रोजन आयन मृत्तिकाकणांवरील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची जागा घेतात आणि ही पोषकद्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात. शिवाय विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांच्या कॅल्शियम-शोषणास अडथळा आणते.

अमेरिकेच्या न्यू हँपशर राज्यातील हबर्ड ब्रुक वनात १९६३ पासून पाऊस व ओढे यांच्या पाण्याचे पृथक्करण करण्यात येत आहे. वायुप्रदूषणविषयक कायद्यांमुळे पावसाची अम्लता घटली. तथापि १९८७ नंतर वनाची वाढ जवळजवळ थांबल्याचे जीन लायकेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. ऑक्टोबर १९९९ मध्ये एका पाणलोट क्षेत्रावर हेलिकॉप्टरमधून वोलास्टोनाइट हे कॅल्शियमयुक्त खनिज पसरण्यात आले. त्यानंतर तेथील शुगर मॅपल वृक्षांची प्रकृती सुधारली व वनाची वाढ पुन्हा सुरू झाली. पाऊस काही दशकांत सुधारता येतो. खडकांच्या झिजेतून मृदेतील कॅल्शियम भरून निघण्यास मात्र त्याहून पुष्कळच दीर्घ काळ लागतो.