हरल्यानंतरची दहा मिनिटं: आइस हॉकीतल्या उगवत्या खेळाडूंकडून खिलाडूवृत्तीची नेमकी काय अपेक्षा असते?

५ जानेवारी २०१८. अमेरिकेतलं बफेलो शहर. वीस वर्षांखालील खेळाडूंच्या जागतिक ज्युनियर आइस हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना नुकताच संपला होता. कॅनडाने स्वीडनला ३-१ असं हरवलं होतं. स्वीडनचा कर्णधार लियास अँडरसन याच्या गळ्यात रौप्यपदक घातलं गेलं. काही क्षणांत त्याने ते काढलं आणि सरळ प्रेक्षकांमध्ये भिरकावून दिलं.

काही सेकंदांचा तो व्हिडिओ जगभर फिरला. कुणी म्हणालं, ‘हा पदकाचा अपमान आहे.’ कुणी म्हणालं, ‘जिंकण्याची भूक असावी तर अशी.’ पत्रकारांनी विचारल्यावर अँडरसनचं उत्तर होतं की, स्टँडमधल्या एका प्रेक्षकाला ते पदक आपल्यापेक्षा जास्त हवं होतं, म्हणून त्याला दिलं. तेव्हा अँडरसन १९ वर्षांचा होता.

त्यानंतरच्या दोन वर्षांतही याच स्पर्धेत एकेका कर्णधारावर पराभवानंतर अशीच चर्चा झाली. ते दोघेही १९ वर्षांचेच होते. या तीन प्रसंगांमधून एक गोष्ट नीट समजते. हरल्याचं दुःख होणं वेगळं आणि हरल्यानंतरचं वागणं वेगळं. खिलाडूवृत्ती पाहते ती वागण्याकडे.

या स्पर्धेत एवढं काय असतं?

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची ही स्पर्धा साधारणपणे दरवर्षी नाताळनंतर सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. दहा देश खेळतात. कॅनडात तर सुट्ट्यांच्या दिवसांत घरोघरी टीव्हीवर हीच स्पर्धा चालू असते.

मैदानावरचे बरेचसे खेळाडू ‘प्रॉस्पेक्ट’ असतात, म्हणजे पुढे मोठे व्यावसायिक खेळाडू होतील अशी आशा असलेली मुलं. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या सर्वांत मोठ्या लीगमधले संघ दरवर्षी सात फेऱ्यांच्या ‘ड्राफ्ट’मधून साधारण १८ वर्षांच्या खेळाडूंवर आपला हक्क नोंदवतात. अँडरसनला २०१७ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने सातव्या क्रमांकावर निवडलं होतं.

इथवर पोहोचण्याची किंमतही मोठी असते. कॅनडातली अनेक मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सोडतात, दुसऱ्या शहरातल्या ज्युनियर संघात जातात आणि तिथे एखाद्या यजमान कुटुंबाकडे राहतात. शाळा, सराव, बसचा लांबचा प्रवास आणि सामने हाच दिनक्रम. आणि वयाची अट असल्यामुळे ज्युनियर विश्वविजेतेपदाची संधी बहुतेकांना एकदा, फार तर दोनदा मिळते.

रौप्यपदक जास्त का बोचतं?

मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास खूप गाजला. त्यात १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चेहऱ्यांवरचे भाव तपासले होते. कांस्यपदक मिळवणारे खेळाडू रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा जास्त खूश दिसत होते.

कारण साधं आहे. रौप्यपदक मिळालेला वर पाहतो, ‘सुवर्ण थोडक्यात हुकलं.’ कांस्यपदक मिळालेला खाली पाहतो, ‘बरं झालं, रिकाम्या हाताने जावं लागलं नाही.’

आइस हॉकीत तर हे आणखी तीव्र होतं. कांस्यपदक मिळतं ते शेवटचा सामना जिंकून. रौप्यपदक मिळतं ते शेवटचा सामना हरून. शिवाय हरलेल्यांना ड्रेसिंग रूममध्ये जाऊन डोळे पुसायला वेळ मिळत नाही. समोर प्रतिस्पर्धी नाचत असतात आणि त्याच बर्फावर उभं राहून पदक स्वीकारावं लागतं.

स्वीडनचा इतिहासही लक्षात घ्यायला हवा. २००८ ते २०१८ या काळात स्वीडनने सहा अंतिम सामने खेळले आणि त्यांतला फक्त एक, २०१२ चा, जिंकला. २००८, २००९, २०१३, २०१४ आणि २०१८ मध्ये पदरी रौप्यच पडलं. बफेलोतही शेवटची दोन मिनिटं उरली होती तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. मग टायलर स्टीनबर्गनने कॅनडाला पुढे नेलं आणि शेवटचा गोल स्वीडनच्या रिकाम्या जाळ्यात गेला.

म्हणजे अँडरसनचं दुःख खरं होतं. पण पदक देणारे आयोजक, समोरचा संघ आणि आपलेच सहकारी यांच्यासाठी तो समारंभ एका माणसाच्या रागापेक्षा मोठा असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने या प्रकरणात नंतर निलंबनाची कारवाई केली.

हे फक्त पोरवयातच होतं असंही नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्योंगचांग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाच्या महिला संघाला अमेरिकेने शूटआउटमध्ये हरवलं. तेव्हा कॅनडाची अनुभवी बचावपटू जोसलिन लारोक हिनेही रौप्यपदक लगेच गळ्यातून काढलं होतं. तिने नंतर जाहीर माफी मागितली.

खिलाडूवृत्ती म्हणजे नेमकं काय करायचं?

‘हार पचवायला शिका’ असं सगळेच सांगतात. पण १९ वर्षांच्या मुलाने त्या क्षणी करायचं काय? आइस हॉकीत याची उत्तरं बरीच ठोस आहेत.

• हस्तांदोलन: दोन्ही संघ रांगेत येऊन एकमेकांशी हात मिळवतात. एनएचएलमध्ये हे प्लेऑफची मालिका संपल्यावर होतं, तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये प्रत्येक सामन्यानंतर.
• राष्ट्रगीत: जिंकलेल्या देशाचं राष्ट्रगीत वाजताना हरलेला संघही हेल्मेट काढून उभा राहतो.
• पदक: मिळालेलं पदक समारंभ संपेपर्यंत गळ्यात ठेवायचं.
• पंच: निर्णय पटला नाही तरी स्टिक आपटून किंवा शिवीगाळ करून निषेध करायचा नाही. त्यासाठी नियमांतच दोन मिनिटं, दहा मिनिटं किंवा थेट सामन्याबाहेर जाण्यापर्यंतच्या शिक्षा आहेत.

या यादीत ‘हसा’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘रडू नका’ असंही नाही. डोळ्यांत पाणी असताना प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणारा खेळाडू या सगळ्या अपेक्षा पूर्ण करतो. या प्रथांचा उपयोग तोच आहे. डोकं काम करत नसतं तेव्हा काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं.

किशोरवयात याची गरज जास्त असते, कारण रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत राहतो.

चूक झाल्यावर काय? बॅरेट हेटनचा प्रसंग

डिसेंबर २०१९, चेक प्रजासत्ताकातलं ओस्ट्रावा शहर. साखळी सामन्यात रशियाने कॅनडाचा ६-० असा धुव्वा उडवला. या स्पर्धेच्या इतिहासातला कॅनडाचा तो सर्वांत मोठा पराभव होता. सामन्यानंतर रशियाचं राष्ट्रगीत सुरू झालं. कॅनडाच्या बाकीच्या खेळाडूंनी हेल्मेट काढली, पण कर्णधार बॅरेट हेटनचं हेल्मेट डोक्यावरच राहिलं. रशियाचे खेळाडू भडकले आणि सोशल मीडियावर टीकेचा पाऊस पडला.

हेटनने हॉकी कॅनडा या संघटनेमार्फत लगेच माफी मागितली. ती वाचण्यासारखी होती. पराभवाच्या विचारात आपण हरवून गेलो होतो, असं त्याने सांगितलं. रशियाच्या संघाबद्दल आदर व्यक्त केला. पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेतली आणि आपल्या चुकीमुळे सहकाऱ्यांना नावं ठेवू नयेत, अशी आशा व्यक्त केली. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशी पळवाट त्यात नव्हती.

आठवड्याभरात, ५ जानेवारी २०२० ला, हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. शेवटच्या सत्रात कॅनडा १-३ असा मागे होता. उपांत्य सामन्यात खांदा दुखावलेला असूनही हेटन खेळत होता आणि ३-३ अशी बरोबरी साधणारा गोल त्यानेच केला. नंतर अकिल थॉमसच्या गोलने कॅनडाने ४-३ असा विजय मिळवला.

आणि वागण्यात काहीच चूक नसेल तर? मॅक्सिम कोमत्वाचा प्रसंग

या दोघांच्या मधल्या वर्षातली घटना मात्र वेगळी आहे. इथे खेळाडूने काहीच गैर केलं नव्हतं.

२ जानेवारी २०१९, व्हँकुव्हर. उपांत्यपूर्व सामन्यात कॅनडा फिनलंडविरुद्ध १-० असा पुढे होता. एक मिनिटही उरलं नसताना फिनलंडने बरोबरी साधली. जादा वेळेत कॅनडाला पेनल्टी शॉट मिळाला. यात एकटा खेळाडू पक घेऊन गोलरक्षकावर चाल करून जातो. कर्णधार मॅक्सिम कोमत्वा पुढे आला. गोलरक्षक उक्को-पेक्का लुक्कोनेनने त्याचा फटका अडवला.

थोड्या वेळाने जवळजवळ मोकळ्या जाळ्यासमोर फटका मारताना कॅनडाच्या नोआ डॉब्सनची स्टिकच मोडली. तिथूनच फिनलंडने प्रतिहल्ला केला, टोनी उटुनेनने गोल मारला आणि यजमान कॅनडा स्पर्धेबाहेर गेला.

त्या रात्री कोमत्वाच्या इन्स्टाग्रामवर शिव्यांचा भडिमार झाला. त्याला कॉमेंट्स बंद कराव्या लागल्या. त्याचं काम पाहणाऱ्या एजन्सीने या ऑनलाइन छळाचा जाहीर निषेध केला. आपण खांद्याच्या दुखापतीसह खेळत होतो, हे कोमत्वाने नंतर सांगितलं. त्याचा विसावा वाढदिवस तेव्हा सहा दिवसांवर होता.

त्याचा गुन्हा काय, तर एक पेनल्टी शॉट चुकला. एनएचएलमध्येही असे प्रयत्न साधारण एक तृतीयांशच यशस्वी होतात. म्हणजे चुकणं हीच नेहमीची गोष्ट.

भारतीय क्रिकेट चाहत्यांना हे दृश्य अनोळखी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये दुबईत आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध एक झेल सुटला आणि २३ वर्षांच्या अर्शदीप सिंगला अशाच ट्रोलिंगला तोंड द्यावं लागलं. दोन वर्षांनी भारताने टी-२० विश्वचषक जिंकला तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणाऱ्यांत तोच संयुक्तपणे पहिला होता.

मुद्दा असा, की खिलाडूवृत्तीची अपेक्षा खेळाडूकडूनच ठेवायची आणि बघणाऱ्याने मात्र हवं ते लिहायचं, हा हिशोब बरोबर बसत नाही.

जिंकणाऱ्यांचं काय?

खिलाडूवृत्तीची परीक्षा जिंकणाऱ्यांचीही होते. जानेवारी २०११ मध्ये, बफेलोतच, अंतिम सामन्यात दोन सत्रांनंतर कॅनडा ३-० असा पुढे होता. शेवटच्या सत्रात रशियाने पाच गोल केले आणि ५-३ असा सामना जिंकला. एवढ्या जबरदस्त पुनरागमनानंतर दुसऱ्या दिवशी बातमी झाली ती वेगळीच. गोंधळ घातल्यामुळे विजेत्या संघाला विमानातून उतरवण्यात आलं होतं.

ही सवय लागते कुठे?

खिलाडूवृत्तीला या खेळात बक्षीसही आहे. उत्तम खेळ आणि सभ्य वर्तन या दोन्हींसाठी एनएचएलमध्ये १९२५ पासून लेडी बिंग करंडक दिला जातो. कॅनडातल्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगमध्येही असा स्वतंत्र पुरस्कार आहे. पश्चिमेकडच्या लीगचा पुरस्कार ब्रॅड हॉर्नंग याच्या नावाने आहे. १९८७ मध्ये एका सामन्यात झालेल्या दुखापतीमुळे या खेळाडूला कायमचं अपंगत्व आलं होतं.

पण पुरस्काराच्या कितीतरी आधी घर असतं. कॅनडात अनेक ठिकाणी मुलाचं नाव हॉकीसाठी नोंदवताना पालकांना ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा ऑनलाइन कोर्स करावा लागतो. पंचांवर ओरडू नये, मुलावर दडपण आणू नये, अशा गोष्टी त्यात असतात. कारण पालक स्टँडमधून पंचाला शिव्या घालत असतील, तर मुलगा बर्फावर तेच करणार.

तिथल्या हॉकी घरांमध्ये ‘सामन्यानंतरचा गाडीतला प्रवास’ हा नेहमीचा चर्चेचा विषय आहे. हरलेल्या मुलाला गाडीत बसताक्षणी ‘तो पास का नाही दिलास?’ असं विचारलं, तर हार म्हणजे घरच्यांची नाराजी, असं समीकरण त्याच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून त्या वेळी खेळाचं विश्लेषण टाळावं, मुलाला बोलायचं असेल तर ऐकावं आणि चुकांची चर्चा दुसऱ्या दिवसावर ढकलावी, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला कबड्डी किंवा बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या घरीही तितकाच लागू पडतो.

क्लिप पुढे पाठवण्याआधी

हरलेल्या तरुण खेळाडूचा व्हिडिओ समोर आला, की दोन प्रश्न पुरेसे असतात. पहिला, त्याने कुणाचा अपमान केला, की तो फक्त दुःखात होता? दुसरा, चूक असेल तर त्याने ती दुरुस्त केली का?

स्टँडमध्ये भिरकावलेलं पदक ही चूक म्हणता येईल. डोक्यावर राहिलेलं हेल्मेटही चूकच होती आणि ती मान्यही केली गेली. हुकलेला पेनल्टी शॉट ही चूकसुद्धा नव्हती, तो खेळाचा भाग होता. तरी सोशल मीडियाने तिघांनाही जवळपास एकाच तराजूत तोललं.

व्हँकुव्हरच्या त्या रात्रीनंतर दोन वर्षांनी, २०२०-२१ च्या हंगामात, एनएचएलच्या अनाहाइम डक्स संघाकडून सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू होता मॅक्सिम कोमत्वा.