थ्रेड : शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड का पडली? पेयांच्या प्रकारांचा इतिहास

१/ पुण्या-मुंबईतील क्राफ्ट बिअरच्या फलकावर आज स्टाउट, पेल एल, व्हीट बिअर अशी अनेक नावे एका ओळीत दिसतात. ही विविधता केवळ हौसेतून आलेली नाही. पेयांचे प्रकार पाणी, हवा आणि धान्य घडवतात; ते टिकणार की मिटणार, हे मात्र बहुधा करवसुली ठरवते. नांदेड जिल्ह्यातील नायगावचा परिसर याचा साक्षीदार आहे.

२/ प्रथम पाणी. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम विपुल आहे. त्यामुळे तेथे कडवट, स्वच्छ पेल एल उत्तम साधली आणि १८२० च्या दशकापासून ती जहाजांनी हिंदुस्थानात येऊ लागली. बोहेमियातील पिल्सेनचे पाणी याउलट मृदू. तेथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल याने सोनेरी लागर बनवली. आज जगात सर्वाधिक खपणारी बिअर तिच्याच वंशातील आहे.

३/ मग हवा. ब्रुसेल्सच्या आसमंतातील लाम्बिक या बिअरमध्ये यीस्ट मुद्दाम घालत नाहीत. उकळलेला रस रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतील व लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीव त्याला आंबवतात.

४/ नायगावचा परिसर तेलंगणाच्या सीमेजवळचा. शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडके बांधले, की रात्रभर पाझरणारा गोड रस नैसर्गिक यीस्टमुळे आपोआप आंबू लागतो. धान्य नसल्याने ही बिअर नव्हे. परंतु आंबण्याची रीत लाम्बिकचीच. भेद एवढाच, की लाम्बिक पिंपात वर्षानुवर्षे मुरते, तर शिंदी दुसऱ्या दिवशीच आंबटढाण होते. म्हणून ती दूर गेली नाही.

५/ आता धान्य. मराठवाड्याचे धान्य ज्वारी. तिचे मूळ आफ्रिकेत. तेथे ज्वारीला मोड आणून बिअर करतात; दक्षिण आफ्रिकेतील उमकोंबोथी प्रसिद्ध आहे. मराठवाड्यात त्याच ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करतात. तिच्यात आंबटपणा असतो, नशा नसते. धान्य एक, परंपरा दोन.

६/ राज्यसत्तेची नजर या प्रकारांवर फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. तांदळाचा मेदक, पिठाची प्रसन्ना, कवठाचे आसव, द्राक्षांचे मधु असे प्रकार तेथे कृतीसह नोंदले आहेत. उत्सव व यात्रांच्या काळात चार दिवस मद्य गाळण्याची मुभाही आहे. ज्याची मुभा द्यावी लागते, त्यावर इतर दिवशी नियंत्रण असते, हे उघड आहे.

७/ कायदा प्रकार घटवतोही. १५१६ मध्ये बव्हेरियात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य झाले. १९०६ मध्ये हा नियम सर्व जर्मनीला लागू झाला आणि उत्तरेकडील कित्येक स्थानिक, मसालेदार बिअर मागे पडल्या.

८/ निझामाच्या हैदराबाद संस्थानात आबकारी हा महसुलाचा मोठा आधार होता. शिंदीच्या झाडावर कर, विक्रीचा लिलाव, त्यावर गुत्तेदार अशी साखळी होती. गावाच्या शिवारातील झाड अशा रीतीने सरकारी तिजोरीचे झाड झाले.

९/ म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा प्रतिकाराचा एक मार्ग ठरला. घाव झाडावर, नेम तिजोरीवर. त्यात दारूबंदीची नैतिक प्रेरणाही होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले.

१०/ या विजयाची एक किंमतही होती. शिंदीच्या पानांच्या केरसुण्या होत. रस काढणाऱ्यांची चूल त्याच झाडावर पेटे. झाडाने निझामाशी कोणताही करार केला नव्हता. करार केला होता तो करपद्धतीने. कुऱ्हाड मात्र झाडाने सोसली. स्वातंत्र्याच्या लढ्याचे मोल त्याने उणे होत नाही. ते कोणाकोणाकडून वसूल झाले, एवढेच त्यातून कळते.

११/ कायदा बदलला की प्रकार परततातही. १९७८ मध्ये अमेरिकेने घरगुती बिअर बनवण्यास संघीय मान्यता दिली आणि तेथील क्राफ्ट बिअरला बळ मिळाले. महाराष्ट्रात २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. फलकावरील लांबलचक यादी परवान्याच्या एका कागदावर उभी आहे.

१२/ त्या यादीत बर्टन आहे, पिल्सेन आहे, ब्रुसेल्स आहे. नायगावच्या शिंदीला मात्र ‘शैली’ हे मानाचे नाव कधी मिळाले नाही. तिची नोंद राहिली ती आबकारीच्या वहीत आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत.