लष्करची गाणारी घरे

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. आपले पूर्वज तलवार, लेखणी आणि पोथी घेऊन येथे आले. कीर्तनही त्यांच्यासोबत आले. ख्याल मात्र त्यांना येथेच लाभला. आपल्या घरांतून ग्वाल्हेर गायकीचा अभिमान बाळगला जातो. त्या अभिमानाला ऋणाची जाणीव जोडावी, एवढ्याच हेतूने आम्ही ही थोडी उजळणी करीत आहोत.

ख्यालाच्या ग्वाल्हेर घराण्याचा आरंभ नत्थन पीरबख्श आणि त्यांचे नातू हस्सूखाँ, हद्दूखाँ व नत्थूखाँ यांच्यापासून मानतात. बडे महंमदखाँ यांची तान या बंधूंनी पडद्याआडून ऐकून आत्मसात केली, ही आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी जयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली या बंधूंनी ख्यालाला नवे वैभव दिले, हे निर्विवाद आहे. मोकळा, खुला आवाज. स्थायी-अंतरा नीट मांडून मगच विस्तार. बेहेलावे, बोलआलाप, बोलताना, सरळ सपाट तान. आणि यमन, भूप, अल्हैया बिलावल यांसारख्या प्रचलित रागांतूनच सारे ऐश्वर्य दाखविण्याची हिंमत, ही या गायकीची लक्षणे होत.

ही विद्या या उस्तादांनी मराठी शिष्यांना हातचे न राखता दिली. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरीस शिकले. बुवांनी ती गायकी दक्षिणेत नेली आणि मिरजेस त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर तयार झाले. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. आज महाराष्ट्रात गावोगाव गांधर्वच्या परीक्षा होतात. त्या परीक्षांचा मूळ झरा शोधीत गेल्यास तो लष्करच्या गल्ल्यांत येऊन पोहोचतो.

उलट दिशेनेही ऋण फेडले गेले. हद्दूखाँचे शिष्य विष्णुपंत छत्रे यांना आपण सर्कशीचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखतो. गुरुपुत्र रहिमतखाँ मनाने खचून भटकत असताना विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणून सांभाळले. भूगंधर्व म्हणून गाजलेल्या या गायकाचा शेवट १९२२ मध्ये कुरुंदवाडास झाला.

याहूनही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पंडितांच्या घरातील आहे. विष्णुपंत पंडित हे कीर्तनकार. हद्दूखाँ-नत्थूखाँ यांच्याशी त्यांचा स्नेह. त्यांचे पुत्र शंकरराव आणि एकनाथराव यांना त्यामुळे ही तालीम मिळाली. १८८६ मध्ये जयाजीराव निवर्तले. दरबारचा आधार तुटलेले निसार हुसेनखाँ तेव्हा शंकररावांच्या घरी राहावयास आले. सोवळेओवळे कडक असण्याच्या त्या काळात एका मराठी ब्राह्मणाच्या घराने मुसलमान गुरूला घरातले वडीलधारे मानले आणि गुरूनेही आपले भांडार त्या घरात रिते केले. रामकृष्णबुवा वझे हेही ग्वाल्हेरीस याच खाँसाहेबांकडे शिकले.

शंकरराव १९१७ मध्ये गेले. त्याआधीच, १९१४ मध्ये, त्यांचे पुत्र कृष्णराव यांनी शंकर गांधर्व महाविद्यालय काढले होते. पुढे १९१८ मध्ये माधवराव महाराजांच्या आश्रयाने पं. भातखंडे यांनी माधव संगीत महाविद्यालय सुरू केले. त्याच्या पूर्वतयारीसाठी ग्वाल्हेरचे सात गायक मुंबईस पाठविले गेले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. ते शंकररावांचेच शिष्य. पुढे ते या विद्यालयाचे प्राचार्य झाले आणि ‘तानमालिका’ लिहून त्यांनी तोंडी विद्या कागदावर उतरविली. त्यांचे निधन १९५६ मध्ये झाले.

एकाच शहरात चार वर्षांच्या अंतराने दोन विद्यालये निघाली. एकीकडे घराण्याची तालीम, दुसरीकडे स्वरलिपी आणि अभ्यासक्रम. कोणती वाट बरोबर, हा वाद लष्करच्या बैठकींतून पुष्कळ रंगला. आमच्या मते दोन्ही वाटा आवश्यक होत्या. लिपीने बंदिशी वाचविल्या; परंतु बेहेलाव्याचा डौल कागदावर उतरत नाही, तो समोर बसूनच घ्यावा लागतो. कृष्णराव पंडितांनी १९८९ पर्यंत, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत, तो डौल जपला. १९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. शरच्चंद्र आरोलकरांसारख्या शिष्यांनी ही गायकी पुढे मुंबईपर्यंत पोहोचविली.

आज मानमरातबाला तोटा नाही. २००८ मध्ये राजा मानसिंह तोमर यांच्या नावे संगीत व कला विद्यापीठ झाले. हाफिज अलीखाँ यांच्या जीवाजीगंजातील घराचे सरोदघर झाले आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. तरीही आपण स्वतःस विचारावे: आपल्या किती घरांत तंबोरा अजून जुळविला जातो? किती नातवंडांना वासुदेवबुवांचे नाव ठाऊक आहे? मोठ्या गवयांच्या तसबिरींना हार घालणे सोपे. त्यांच्या बंदिशी मुलांच्या गळ्यात उतरविणे अवघड, आणि खरे स्मरण तेच. जुन्या पेटाऱ्यांतून बंदिशींच्या वह्या, पत्रे, कार्यक्रमपत्रिका निघाल्यास त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, अशी आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे.

हजीऱ्यास तानसेनाच्या समाधीपाशी समारोहाचा आरंभ होतो, तेव्हा सकाळी शहनाई वाजते, ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा होते आणि तिच्यापाठोपाठ मीलादही होतो. एकाच मांडवात, एकामागून एक. लष्करच्या गाणाऱ्या घरांनी जो धडा घालून दिला, तो तेथे अजून डोळ्यांनी पाहावयास मिळतो. येत्या समारोहास आपण सायंकाळच्या मैफलीपुरते न जाता सकाळीच जावे, आणि बरोबर नातवंडांना न्यावे.